जुन्या काळच्या टोप्या घरी करायच्या, तर आधी साचा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या तुमच्या गटाचं जानेवारीत भुसावळला संमेलन आहे आणि पोशाखाचा काळ ठरलाय १९२० ते १९४०. बायकांना कानांपर्यंत येणाऱ्या घंटेसारख्या टोप्या, म्हणजे क्लोश, हव्यात. पुरुषांना फेडोरा, म्हणजे माथ्यावर घडी असलेली कडेची हॅट, आणि दोघातिघांना सोला हॅट, म्हणजे साहेबांची उन्हाची टणक टोपी. शिवाय फैजपूरला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनावर एक छोटा नाट्यप्रवेश आहे, त्यासाठी गांधी टोप्या. ऑनलाइन मागवलेल्या टोप्या वाढदिवसाच्या पार्टीतल्या वाटतात. घरी शिलाई मशीन आहे, लोकरीचा फेल्ट, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं कापड, मिळत नाही, तर जमेल का?

जमेल. मी जळगावात नाटकांसाठी, शाळांच्या गॅदरिंगसाठी आणि हल्ली लग्नाआधीच्या फोटोंसाठी टोप्या करते आणि त्यातल्या बहुतेक फेल्टशिवायच होतात. फक्त बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी रिबन, पिसं, मोती आणतात आणि मग ते चिकटवायला टोपी शोधतात.

मागवलेल्या टोप्या खोट्या का वाटतात ते एकदा पट्टी लावून बघा. वरच्या भागाला मी घुमट म्हणते आणि भोवतालच्या पसरट भागाला कड. बाजारातल्या पार्टीच्या फेडोराची कड जेमतेम दीड इंच असते आणि घुमट चार इंच. १९३०-४० च्या पुरुषी हॅटची कड अडीच इंचांच्या आसपास असायची आणि घुमट, वरची घडी पाडण्याआधी, पाच-साडेपाच इंच. एवढ्या फरकाने माणूस बदलतो. छोट्या हॅटखाली चेहरा मोठा दिसतो आणि सगळं विनोदी होतं. क्लोशचंही तेच. ती भुवयांच्या जरा वर बसली तर १९२६ सालची, केसांच्या रेषेवर ठेवली तर नुसती उन्हाची टोपी. घुमटाची उंची, कडेची रुंदी आणि टोपी कपाळावर कुठे टेकते, या तीन गोष्टी जमल्या की सजावट नसली तरी काळ उभा राहतो. त्या चुकल्या तर वर मोराचं अख्खं पीस खोचलं तरी उपयोग नाही.

म्हणून आधी माप आणि साचा. माप घ्यायचं ते कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या अर्धा इंच वरून, मागच्या उंचवट्यावरून, आणि त्या दिवशी जशी केशरचना असेल तशी करून. साधारण बायामाणसांचं २१ ते २३ इंचांत येतं. त्यात आतल्या पट्टीसाठी आणि जरा मोकळं बसावं म्हणून अर्धा इंच वाढवा. आता गंमत बघा. डोकं गोल नसतं. बावीस इंचांचा गोल काढला तर व्यास सात इंच येतो, पण त्या मापाची टोपी कपाळाला आणि मागे रुतते आणि कानांवर सैल राहते. आमच्याकडचा एक म्हातारा नट अशी टोपी हातात घेऊन एकच वाक्य म्हणायचा, "हाई डोकाले लागस," आणि परत करायचा. लांबोळका आकार हवा, पुढून मागे साडेसात इंच आणि आडवा साडेसहा. त्याचा घेर बरोबर बावीसच्या जवळ येतो.

लाकडी साचा विकत घ्यायला गेलात तर महाग पडेल आणि इकडे मिळणारही नाही. खराद्याकडे जा, जो पाळण्याचे खूर आणि पोळपाट-लाटणी करतो तो. त्याला आंब्याच्या लाकडाचा साडेसहा इंच व्यासाचा, सात इंच उंच, वरून डोक्यासारखा गोलावलेला ठोकळा करायला सांगा. लेथवर गोलच होणार. मग सुताराकडून तो उभा मधोमध कापून घ्या आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये एक इंच जाडीची फळी बसवून घ्या, तिचा वरचा काठ गोलाईला जुळवून तासायचा. आडवा साडेसहा राहतो, लांबी साडेसात होते, घेर साडेबावीसच्या आत. झाला साचा. पॉलिश करू नका, टाचण्या ठोकायच्या आहेत. कापडाला रंग लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधायची. डोकं मोठं असेल तर साच्यावर जुन्या पायमोज्याचा किंवा टॉवेलचा एक थर चढवा, लहान असेल तर त्या माणसाला टोपीच्या आत पट्टी वाढवून द्या. एका साच्यावर तुमचा अख्खा गट निघेल.

क्लोशपासून सुरुवात करा, कारण ती कळ्यांची शिवता येते आणि ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही समजते. सहा कळ्या. साडेबावीसला सहाने भागलं की पावणेचार इंच, ही प्रत्येक कळीची तयार रुंदी, दोन्हीकडे पाव इंच शिलाई धरून सव्वाचार. उंची साडेसात. खालचे तीन इंच बाजू जवळजवळ सरळ जाऊ द्या, मग वळवत टोकाला न्या. आणि हे नीट बघा, कारण नव्याण्णव टोप्या इथेच बिघडतात: टोकाचा कोन ६० अंशांचा हवा. सहा कळ्या, प्रत्येकी ६०, मिळून ३६०, म्हणजे माथा सपाट जुळतो. सवयीने कळी निमुळती काढली, घागऱ्याची काढतो तशी, की टोपीला वर शेंडी येते आणि बाई जादूगारीण दिसते. कोनमापक नसेल तर मुलाच्या कंपासपेटीतला घ्या. आधी मांजरपाटाची कच्ची टोपी शिवा, डोक्यावर घालून बघा, तिथेच पेनाने खुणा करा, मग चांगल्या कापडाला कात्री लावा.

क्लोशची कड समोर दीड-दोन इंच, मागे इंचभर किंवा अजिबात नाही, आणि ती खाली झुकलेली. कागदावर सपाट गोल चकती कापून लावली तर ताटलीसारखी बाहेर उभी राहते. झुकाव आणायचा तर कागदी कडेला बाहेरून आत सहा ठिकाणी चिरा द्या, आतल्या काठाला जरा धागाभर जोडलेलं ठेवा आणि बाहेरच्या काठावर प्रत्येक चीर अर्धा इंच एकमेकांवर चढवून चिकटवा. आतला घेर तेवढाच राहतो, बाहेरचा कमी होतो, कड आपोआप खाली वळते. तोच कागद तुमचा नमुना. किती चढवायचं ते आरशासमोर ठरवा.

कापड कोणतं? हस्तकलेच्या दुकानात रंगीत फेल्टचे कागद मिळतात, ते घेऊ नका. ते बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात, वाफ आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि आकार धरून ठेवतात. पॉलिएस्टरला ते जमत नाही, फार गरम इस्त्री लागली तर वितळून चकाकतं. त्यापेक्षा जुना लोकरी कोट, ब्लेझर, जाड कॉर्डरॉय चालेल. जळगावात फुले मार्केटला कटपीसमध्ये लोकरी सुटिंग अधूनमधून सापडतं. आतून पेस्टिंगचं बक्रम, म्हणजे ताठपणा देणारं कापड, इस्त्रीने चिकटवा, तेही कॉलरचं कडक नको, मधलं. कॉलरचं बक्रम घुमटाला लावलं की घालणाऱ्या बाईच्या कानाशी दिवसभर कुरकुर वाजतं.

ताठपणासाठी मी अजूनही चिंचोक्याची खळ वापरते. धनगरी घोंगडीला हीच खळ देतात, म्हणून नवी घोंगडी आधी कडक लागते. चिंचोके भाजून साल काढायची, रात्रभर भिजवून वाटायचे, पाण्यात शिजवून खीर होईल इतपत घट्ट करायचं आणि फडक्यातून गाळायचं. टोपी साच्यावर असतानाच आतल्या थराला ब्रशने लावायची आणि उन्हात वाळवायची. आपल्याकडच्या हिवाळी उन्हात एका दिवसात खडखडीत होते. पावसाळ्यात मात्र हिच्या नादी लागू नका, बुरशी धरते. तेव्हा एक भाग फेव्हिकॉल आणि दोन भाग पाणी, तेही आतूनच, कारण बाहेर लावलं की दिव्याखाली चमकतं.

घोंगडीचा विषय निघालाच आहे तर फेडोरा त्यातूनच करा असं माझं मत आहे. घोंगडी विणलेली असते, फेल्टसारखी दाबलेली नसते, त्यामुळे ती सहज साच्यावर बसत नाही. पण कापड उरेब, म्हणजे तिरकं, धरलं, गरम पाण्यातून काढून पिळलं आणि चारही तिरक्या बाजूंनी एकेक ओढत, टाचण्या ठोकत गेलं, तर घुमट एकाच तुकड्यात येतो. आधी पुढची टाचणी, मग मागची, मग दोन्ही बाजूंच्या, मग मधल्या. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरलात तर सगळ्या चुण्या शेवटच्या चार बोटांत जमा होतात आणि तिथून हलत नाहीत. खालच्या काठाला सुतळी दोनदा गच्च गुंडाळायची. मग किटलीची वाफ देत देत हाताच्या तळव्याने खाली चोळायचं. कापड अर्धवट ओलं असतानाच साच्यावरून काढून माथ्यावर मधोमध बोटांनी घडी दाबायची आणि समोर दोन्हीकडे चिमटी घ्यायची. साच्यावर ठेवून घडी पडत नाही, आत लाकूड असतं. घडी टिकावी म्हणून तिच्यात दुमडलेलं फडकं भरून वरून दोरा बांधा आणि वाळेपर्यंत सोडू नका.

कड वेगळी कापायची. दोन थर कापडाचे, मध्ये बक्रम. आतला काठ मापापेक्षा अर्धा इंच आत कापून त्याला चिरा द्यायच्या आणि त्या वर वळवून घुमटाच्या आत शिवायच्या. बाहेरच्या काठात १८ गेजची तार घाला. तिची टोकं मागच्या बाजूला दोन इंच एकमेकांवर आणून दोऱ्याने गुंडाळा आणि टोक वळवून आत घ्या, नाहीतर घरी जाईपर्यंत कुणाच्या तरी मानेला ओरखडा येतो. समोर कड जरा खाली, मागे जरा वर. घोंगडी टोचते, म्हणून आतून सॅटिनचं अस्तर आणि कपाळाशी सुती पट्टी हवीच. वजनाने ती खऱ्या फेडोरापेक्षा जड होते, हे मान्य. पण चार फुटांवरून तिच्या काळ्या-करड्या रंगात जी खोली दिसते ती सुटिंगमध्ये येत नाही.

सोला हॅट तुमच्या कार्यक्रमाची शोभा आहे. भुसावळ हे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं गाव, आणि रेल्वेतले गोरे आणि अँग्लो-इंडियन लोक आणि ही हॅट वेगळी काढताच येत नाही. खरी हॅट पाणथळीत वाढणाऱ्या शोला नावाच्या झुडपाच्या गाभ्याची असायची. बंगाली नवरदेवाचा मुकुट त्याच गाभ्याचा करतात. हलका इतका की हातात धरलं तरी वजन कळत नाही. आपण तो कागदाच्या थरांनी भागवायचा. साच्यावर आधी अर्धा इंच जाडीचा टॉवेल गुंडाळा, कारण ही हॅट डोक्याला चिकटून बसत नाही. खऱ्या हॅटमध्ये आतली पट्टी कवचापासून सुटी ठेवलेली असते आणि मधल्या फटीतून वारा फिरतो, वर माथ्यावर हवेला वाट देणारं बटण असतं. टॉवेलवर प्लॅस्टिक, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या. एक थर मराठी पेपरचा, पुढचा इंग्रजीचा, म्हणजे कुठे जागा सुटली ते डोळ्यांना लगेच दिसतं. सहा थर पुरतात. दोन थरांनंतर वाळू द्या, सगळे एकदम चढवले तर आतून आंबट वास सुटतो. खळीत मेथीची पूड घाला, आपल्या आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करताना घालायच्या तशी, म्हणजे किडा लागत नाही. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, ते मात्र इथे नको. विषारी आहे, आणि डोक्याला घाम येतो.

कड पुठ्ठ्याची, पुढे आणि मागे लांबट, सगळीकडून उतरती. कवचाला कागदाच्याच पट्ट्यांनी जोडा. वरून खाकी ड्रिल किंवा पांढरं कापड सहा कळ्यांत कापून ताणून चिकटवा. कडेखाली हिरवं कापड लावायला विसरू नका. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते असायचं, आणि बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नसलं तरी ते नसलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. घुमटाच्या बुडाशी पातळ कापडाची चुणीदार पट्टी गुंडाळायची. आतली डोक्याची पट्टी कवचाला चार-पाच ठिकाणी बुचाचे तुकडे मध्ये ठेवून टाचा, म्हणजे ती सुटी राहील आणि हॅट भर कार्यक्रमात सुसह्य होईल.

आता गांधी टोपी. शिवायला सगळ्यांत सोपी, आणि चुकवायलाही. ती असहकाराच्या काळात, १९२० च्या सुमारास रुळली. जोतिराव फुल्यांवरच्या नाटकात मागे उभ्या असलेल्या गर्दीला गांधी टोप्या मी स्वतः पाहिल्यात. फुले १८९० मध्ये वारले. तुमचा प्रवेश फैजपूरचा, म्हणजे डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे टोपी बरोबर आहे, पण सगळ्या गर्दीला एकसारखी घालू नका. शेतकऱ्यांना पागोटी-रुमाल द्या, एखाद्या मास्तराला काळी टोपी. कापड खादीच घ्या, टेरिकॉट नको. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये निघाला, आणि त्याची निळसर पांढरी झाक मागच्या रांगेतूनही ओळखू येते. तांदळाच्या पेजेची खळ, घडीवर इस्त्री, संपलं. नंदलाल बोसांनी त्या अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या गावातल्या सामानाने केली होती, तेव्हा नेपथ्याचा खर्चही वाचवा.

पगडी मात्र पुठ्ठ्याची करू नका, कळवळून सांगते. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते बांधणाऱ्यांचं कसब वेगळं आहे. लागली तर भाड्याने आणा.

उन्हाळी हॅट कुणाला हवी असेल, ती गवताची चपटी बोटर, तर तिचं सामान आपल्या शेतात पडलेलं असतं. परदेशात बायकांच्या हॅटसाठी जे सिनामे कापड वापरतात ते अबाका नावाच्या झाडाच्या धाग्याचं, आणि अबाका म्हणजे केळीची सख्खी बहीण. आपल्याकडे घड उतरवला की खोड बांधावर फेकतात. त्या खोडाचा धागा अबाकाइतका मजबूत नसतो, पण तीन पदरी चपटी वेणी घालून, ओली करून, माथ्यापासून चक्राकार शिवत आलं तर उत्तम बोटर होते. रावेर-यावलकडे केळीच्या धाग्याचं काम करणारं कुणी सापडलं तर तयार धागा घ्या. हाताने सोलण्यात वेळ जातो आणि चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत.

पिसांबद्दल. त्याच्या जरा आधीच्या काळात हॅटवर बगळ्याचे तुरे असायचे आणि त्यापायी इतके पक्षी मारले गेले की १९०२ मध्ये इथल्या सरकारला पिसांची निर्यात बंद करावी लागली. तुम्ही गावरान कोंबड्याची शेपटीची पिसं घ्या, शाम्पूने धुऊन सावलीत वाळवा, काळ्या-हिरव्या झाकेची ती पिसं लोकरीवर फार देखणी दिसतात. आणि कुणी नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीतला मोरपिसांचा टोप फोटोसाठी करून मागितला तर मी नाही म्हणते. तो सातपुड्यातल्या माणसांच्या नवसाचा भाग आहे, पाळणूक करून, म्हणजे नवसाचे नियम पाळून, घालतात. पोशाख म्हणून भाड्याने द्यायची वस्तू ती नाही.

ग्लू गनने काही चिकटवायचं असेल तर फक्त फूल किंवा बकल, कड कधीच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, बंद गाडीत तो गोंद मऊ पडतो आणि टोपी उघडते. जानेवारीत ती भीती नाही, पण स्टेजवरचे हॅलोजन दिवे डोक्यावर असतील तर तेच होतं. टाके घाला.

शेवटी तुम्ही केसांबद्दल विचारलंय. क्लोश ही आखूड कापलेल्या केसांची टोपी आहे, मागे अंबाडा असला की ती पुढे सरकून नाकावर येते. लांब केस असतील तर मानेलगत सैल वेणी घालून ती आडवी वळवून पिनांनी चपटी बसवा आणि माप त्यावरूनच घ्या. छोटी तिरकी हॅट असेल तर तिला काळं बारीक इलॅस्टिक लावा, पण ते हनुवटीखाली घेऊ नका. ते मागे, केसांच्या आतून, अंबाड्याच्या खाली जायला हवं. पुढच्या बाजूला आतल्या पट्टीत एक छोटा कंगवा शिवून टाका, म्हणजे नाचतानाही हलणार नाही.